उशिरा पिकणारी द्राक्षे : बल्गेरियाच्या देशी वाणांच्या वाइनचे परीक्षण

प्लोव्हदिव्ह शहराच्या आग्नेयेला सुमारे वीस किलोमीटरवर असेनोव्हग्राद आहे. ऑक्टोबरच्या मध्याला त्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांमधला एक फरक चटकन नजरेत भरतो. मर्लो या फ्रेंच वाणाच्या बागा केव्हाच रिकाम्या झालेल्या असतात आणि त्यांची पाने तांबूस पडू लागलेली असतात. त्यांना खेटून असलेल्या काही ओळींवर मात्र बारीक, जवळजवळ काळ्या मण्यांचे घड अजून वेलीवरच असतात. हा मावरुद. बागायतदार रोज सकाळी मणी चाखतो, बिया दाताखाली फोडून पाहतो, आभाळाकडे बघतो आणि काढणी आणखी दोन दिवस पुढे ढकलतो. बल्गेरियाच्या देशी वाणांविषयी जे काही सांगण्यासारखे आहे, त्यातील बरेचसे या वाट पाहण्यात आले आहे.

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये मी या देशात सतरा दिवस होते आणि त्या काळात देशी वाणांच्या एकतीस वाइन चाखल्या. काही वाइनऱ्यांमध्ये चाखल्या, काही प्लोव्हदिव्हच्या एका लहानशा दुकानात, तर काही जेवणासोबत. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे. माझी कसोटी एकच होती : लेबल झाकून पेला पुढे ठेवला, तरी त्यातली वाइन आपल्या वाणाची ओळख सांगते का? एकतीसपैकी साधारण वीस वाइन या कसोटीला पुरेपूर उतरल्या. उरलेल्या ज्या उतरल्या नाहीत, त्यांतील बहुतेकांचे कारण एकच होते. नव्या ओकच्या पिंपात अतिकाळ ठेवून, द्राक्षे वाजवीपेक्षा अधिक पिकवून, त्यांना कॅबर्ने या फ्रेंच वाणाच्या वाइनसारखे करण्याचा खटाटोप झाला होता. देशी वाण निवडायचा, त्याच्यासाठी पावसाची जोखीम घ्यायची आणि शेवटी त्याचा स्वभावच पुसून टाकायचा, हे मला मनापासून खटकले.

ही अनुकरणाची सवय कोठून आली हे समजून घेतल्याशिवाय या वाइनचा न्याय करता येत नाही. फिलोक्सेरा ही मुळांवरची कीड १८८४मध्ये विदिनच्या परिसरातून बल्गेरियात शिरली आणि पुढील काही दशकांत जुन्या बागा एकामागून एक वाळल्या. नव्या बागा अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून उभ्या कराव्या लागल्या, आणि कोणता वाण पुन्हा लावायचा व कोणता सोडून द्यायचा हा निर्णय तेव्हा पहिल्यांदा समोर आला. दुसऱ्या महायुद्धानंतर वाइन-उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि तो विनप्रोम या सरकारी मक्तेदारीकडे गेला. सोव्हिएत बाजारपेठेला भरपूर वाइन हवी होती आणि ब्रिटनला स्वस्त, स्वच्छ कॅबर्ने हवी होती. या दोन्ही मागण्या पुरवण्यासाठी यंत्राने मशागत करता येतील अशा विस्तीर्ण बागा लावल्या गेल्या. उशिरा पिकणारा, पावसात कुजणारा किंवा फिका रंग देणारा वाण या हिशेबात बसत नव्हता. १९८०च्या दशकात ब्रिटिश दुकानांमध्ये बल्गेरियन कॅबर्ने लोकप्रिय झाली आणि त्याच यशामुळे देशी वाण मागे पडले. पुढे १९८५मध्ये गोर्बाचेव्ह यांनी मद्यपानविरोधी मोहीम हाती घेतल्यावर सोव्हिएत मागणी कोसळली. १९८९नंतर जमिनी मूळ मालकांच्या वारसांना परत मिळताना त्यांचे लहान लहान तुकडे झाले आणि कित्येक बागा बेवारशासारख्या पडून राहिल्या. आज दिसणाऱ्या चांगल्या लहान वाइनऱ्या बहुतांशी त्यानंतरच्या आहेत आणि २००७मध्ये देश युरोपीय संघात आल्यानंतर त्यांना बळ मिळाले. म्हणजे मावरुदचे नाव फार जुने असले, तरी काळजीपूर्वक केलेली आजची मावरुद वाइन तशी तरुणच परंपरा आहे, आणि तिच्या चुकाही तरुणपणाच्याच आहेत.

मावरुद हे नाव ग्रीक भाषेतील 'काळा' या अर्थाच्या 'माव्रो' या शब्दाशी जोडले जाते. असेनोव्हग्रादला मात्र त्याची वेगळीच कथा सांगतात. नवव्या शतकाच्या आरंभी बल्गेरियावर राज्य करणाऱ्या खान क्रुमने मद्यपान थांबवण्यासाठी सगळ्या द्राक्षबागा उपटण्याचा हुकूम काढला. पुढे राजधानीत एक सिंह सुटला आणि मावरुद नावाच्या एका तरुणाने तो मारला. एवढे बळ कोठून आले असे खानाने विचारले, तेव्हा त्याच्या आईने भीत भीत कबूल केले की एक वेल आपण लपवून ठेवली होती आणि तिचीच वाइन मुलाला दिली होती. खानाने हुकूम मागे घेतला आणि वेलीला मुलाचे नाव मिळाले. ही कथा खरी मानण्याची गरज नाही. पण ज्या वेलीसाठी लोकांनी इतकी प्रेमळ कथा रचली, ती वेल त्यांच्या घराला किती जवळची होती एवढे त्यातून नक्की कळते.

या वाणाला थ्रेसचे सखल मैदान सोडून फारसे कोठे करमत नाही. उत्तरेकडचा थंड वारा बाल्कन पर्वतरांग अडवते, दक्षिणेला रोडोपी पर्वत आहे आणि मधून मरित्सा नदी वाहते. हिवाळ्यातील कडाक्याचे गोठण या वेलीला सोसत नाही आणि फळ पिकायला तिला लांबलचक ऊबदार शरद लागतो. या दोन्ही गोष्टी प्लोव्हदिव्ह, असेनोव्हग्राद आणि पाझार्जिक यांच्या टापूत मिळतात. साल जाड, मणी लहान, त्यामुळे रंग गडद आणि तुरटपणा भरपूर. तरीही मावरुदचे खरे बलस्थान मला तिच्या आम्लतेत दिसले. उष्ण प्रदेशातली गडद लाल वाइन बहुधा जड होते, दुसऱ्या पेल्याला कंटाळा आणते. नीट केलेल्या मावरुदमध्ये तुती, काळी चेरी, थोडी लवंग, थोडी ओल्या मातीची आठवण देणारा गंध असतो आणि या सगळ्याच्या खालून एक टवटवीत आंबटपणा सतत वाहत असतो, त्यामुळे घोट गिळल्यानंतर तोंडाला पाणी सुटते.

प्लोव्हदिव्हच्या कापाना वस्तीतील दुकानात मी पाच मावरुद एका ओळीत चाखल्या. त्यांतील दोन जुन्या, मोठ्या पिंपांत ठेवलेल्या होत्या आणि त्या दोन्ही उत्तम होत्या. तिसरी पोलादी टाकीतून थेट बाटलीत भरलेली, अठरा लेव्हची (लेव्ह हे तेव्हाचे बल्गेरियन चलन), साधी पण अतिशय प्रामाणिक वाइन होती. मातीच्या भांड्यात शिजवलेल्या कावार्मासोबत मला ती पहिल्या दोघींपेक्षाही अधिक रुचली. उरलेल्या दोन महाग होत्या, एक तर साठ लेव्हच्या वर, आणि दोन्हींमध्ये व्हॅनिला व भाजलेल्या लाकडाच्या वासापलीकडे काही सापडेना. दुकानातील बाई फार जाणत्या होत्या. त्यांनी त्या दोन बाटल्या मुद्दाम शेवटी ठेवल्या होत्या, आणि मी काही बोलण्याआधीच त्यांनी विचारले, "यात तुम्हाला मावरुद दिसली का?" या प्रश्नाबद्दल मी त्यांची ऋणी आहे, कारण पुढचा सगळा प्रवास मी तोच प्रश्न हाती धरून केला.

पर्वोमायजवळच्या झाग्रेउस या वाइनरीचा येथे नावानिशी उल्लेख करायला हवा. सेंद्रिय पद्धतीने वाढवलेल्या मावरुदपासून ते निरनिराळ्या धाटणीच्या वाइन करतात आणि 'विनित्सा' नावाच्या वाइनसाठी द्राक्षे काढणीनंतर काही काळ सुकवून मग त्यांचा रस आंबवतात. सुकवल्याने साखर आणि चव दोन्ही घट्ट होतात. एवढ्या घट्टपणात वाण हरवून जाईल अशी मला शंका होती, पण मावरुदची आम्लता तेथेही ताठ उभी राहते आणि वाइनला चिकट होऊ देत नाही. ही रोजच्या जेवणाची वाइन नव्हे. जेवण संपल्यावर जुन्या, कोरड्या चीजच्या तुकड्यासोबत अर्धा पेला पुरतो. मावरुदची गुलाबी वाइनही हल्ली सर्वत्र मिळते आणि उन्हाळ्यासाठी ती छान आहे, मात्र केवळ तिच्यावरून या वाणाचे मत बनवू नये.

वाढण्याच्या बाबतीत एक तक्रार नोंदवते. एका उपाहारगृहात मावरुद माझ्यासमोर आली तेव्हा बाटली हाताला कोमट लागत होती, बहुधा ती स्वयंपाकघरालगतच्या फळीवर ठेवलेली असावी. अशा तापमानाला मद्यार्क नाकात चढतो, तुरटपणा खरखरीत होतो आणि आम्लता दबून जाते. बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवल्यावर तीच वाइन ओळखू येईनाशी झाली, इतकी ती सुधारली. सोळा-सतरा अंशांच्या आसपास मावरुद बोलू लागते. तरुण असेल तर पिण्याआधी तासभर मोठ्या तोंडाच्या भांड्यात ओतून ठेवावी.

रुबिनविषयी थोडक्यात सांगते. हा प्राचीन वाण नाही. १९४४मध्ये प्लेव्हेनच्या संशोधन संस्थेत इटलीचा नेब्बिओलो आणि फ्रान्सचा सिरा या वाणांच्या संकरातून तो तयार झाला. रंग अतिगडद, साखर भरपूर, पिकायला सोपा. अशा दोन नामवंत पालकांकडून मी जास्त अपेक्षा केली होती. चाखलेल्या तीनपैकी दोन वाइन गोडसर आणि मद्यार्काने जड वाटल्या. तिसरी, लवकर काढलेल्या फळांची, मिरीच्या वासाची, खूपच चांगली होती. रुबिन हा काढणीची तारीख ज्याला कळते त्याच्याच हाती शोभतो.

पांढऱ्या वाइनसाठी मी काळ्या समुद्राकडे, वार्नाला गेले. तेथील मुख्य देशी वाण दिम्यात. पिकल्यावर त्याच्या मण्यांवर तांब्यासारखी झाक येते. धर्मयुद्धाहून परतणाऱ्या कोणी इजिप्तमधील दामिएत्ताहून तो आणला अशी आख्यायिका आहे, परंतु जनुकीय तपासणीत त्याच्या पालकांपैकी एक गुए ब्लाँ निघाला, म्हणजे शार्दोनेचा जो पालक आहे तोच. सर्बियात हाच वाण स्मेदेरेव्हका म्हणून ओळखला जातो. दिम्यातचे पीक भरघोस येते आणि त्यामुळेच त्याची बदनामी झाली आहे, कारण वेलीवर घड जास्त ठेवले की वाइन पाण्यासारखी होते. बराच माल ब्रँडी आणि राकिया या फळांच्या कडक दारूसाठी वापरला जातो तो याच कारणाने. पण किनाऱ्यावर तळलेल्या त्सात्सा या लहान माशांच्या ताटलीसोबत, चांगली थंड केलेली, वर्षभराच्या आतली दिम्यात प्यायली तेव्हा मला तिच्यात काहीही कमी वाटले नाही. हिरवे सफरचंद, लिंबाची साल, किंचित खारेपणा, बस्स. तिने याहून अधिक काही व्हावे असा आग्रह कोणी धरू नये.

मिस्केत हा शब्द मात्र गोंधळात टाकणारा आहे. चेर्व्हेन मिस्केत, म्हणजे लाल मिस्केत, गुलाबी सालीचा असून त्याची वाइन पांढरी असते, आणि नाव सुचवते तसा तो मस्कत या सुगंधी द्राक्षांच्या कुळातला नाही. सुंगुर्लारे आणि गुलाबांच्या शेतीसाठी ओळखले जाणारे कार्लोव्हो ही त्याची गावे. त्याचा सुगंध मंद, रानफुलांचा आणि वाळल्या औषधी पानांचा आहे. नाकाला एकदम धक्का देत नाही, पण पेला संपेपर्यंत टिकतो. पांढऱ्यांमध्ये हाच माझा सर्वांत आवडता ठरला. वार्नेन्स्की मिस्केत हा दिम्यात आणि रीसलिंग यांचा संकर, तोही नीटनेटका. तामियांका म्हणजे बारीक मण्यांचा पांढरा मस्कत, ज्याला बल्गेरियन लोकांनी धूपाच्या नावावरून हे नाव दिले. सुगंध विपुल, पण तो जगात इतरत्रही मिळतो, म्हणून त्यावर मी अधिक वेळ घालवला नाही.

वार्नाहून पश्चिमेकडे, डॅन्यूबच्या मैदानातून प्लेव्हेनला जाताना हवा आणि बागा दोन्ही बदलतात. बाल्कन रांगेच्या या उत्तरेकडील बाजूला हिवाळा कडक असतो आणि येथे मावरुदऐवजी गमझा या लाल वाइनच्या वाणाचे राज्य आहे. प्लेव्हेनचे वाइन-संग्रहालय कायलाका उद्यानातील एका नैसर्गिक गुहेत २००८मध्ये सुरू झाले. गुहेतील तापमान वर्षभर स्थिर राहते, त्यामुळे जुन्या बाटल्या तेथे चांगल्या टिकल्या आहेत. शहरातील द्राक्ष संशोधन संस्था १९०२पासून आहे. दोन्ही ठिकाणी गमझाबद्दल लोक ज्या सुरात बोलतात तो घरातल्या अशक्त पण लाडक्या मुलाबद्दल बोलण्याचा सूर आहे.

अशक्तपणाचे कारण साधे आहे. गमझाची साल पातळ आणि घड अतिशय दाट. काढणीच्या सुमारास एक मोठा पाऊस झाला की मण्यांमधील हवा कोंडते, मधले मणी फुटतात आणि बुरशी आतून पसरते. बाहेरून घड ठीक दिसतो तोवर अर्धे पीक गेलेले असते. हंगेरीत हाच वाण कादार्का म्हणून प्रसिद्ध आहे आणि तिकडेही त्याची हीच रडकथा आहे. सुहिंदोल गावात १९०९मध्ये द्राक्ष बागायतदारांची सहकारी संस्था निघाली तेव्हा तिचे नावच 'गमझा' ठेवले गेले, इतका तो त्या भागाचा प्राण होता. पुढे सरकारी नियोजनात कॅबर्ने आणि मर्लो यांनी त्याची जागा घेतली. एका पिढीने गमझा पाहिली ती वेताने विणलेल्या आवरणाच्या फुगीर बाटलीतून, स्वस्त वाइन म्हणून.

गमझाचा रंग फिका माणकासारखा असतो, पेल्यातून पलीकडची अक्षरे वाचता येतात. वास रास्पबेरीचा, आंबट चेरीचा, मागे पांढऱ्या मिरीची चिमूट. तुरटपणा अगदी हलका. विदिनच्या वायव्येला, डॅन्यूबकाठच्या नोवो सेलो परिसरातील एका जुन्या बागेची गमझा मी चौदा अंशांना थंड करून प्यायले, सोबत भाजलेल्या लाल ढोबळी मिरच्या आणि सिरेने चीज होते. सतरा दिवसांत सर्वांत आनंदाने प्यायलेली वाइन कोणती असे विचारले तर मी हिचेच नाव घेईन. किंमत बावीस लेव्ह. याच वाणाची दुसरी एक बाटली, एका मोठ्या वाइनरीची, नव्या ओकमध्ये बारा महिने ठेवलेली, अत्यंत निराशाजनक निघाली. इतक्या नाजूक फळावर लाकडाचे ओझे टाकल्यावर दुसरे काय होणार? गमझा तीन-चार वर्षांत संपवावी. ती साठवून ठेवण्यात काही लाभ नाही.

पामिदची दशा त्याहून वाईट आहे. फिलोक्सेरापूर्वी बल्गेरियातील सर्वाधिक बागा या वाणाच्या होत्या. रंग फिका, आम्लता कमी, तुरटपणा नाममात्र. खायच्या द्राक्षासारखाच तो गोड लागतो आणि त्याची वाइन पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच पिण्याजोगी राहते. बाजाराच्या दृष्टीने त्याच्यात एकही गुण नाही. मला मिळालेली एकुलती एक स्वतंत्र पामिद उंचावरच्या कोरडवाहू बागेतली होती आणि ती पिताना जाणवले की शेतात राबणाऱ्या माणसाला दुपारच्या जेवणासोबत जी वाइन हवी असेल ती अशीच असणार. तिला मी उत्तम म्हणणार नाही, पण ती नाहीशी झाली तर मला वाईट वाटेल.

बाटली निवडताना लेबलवर काय पाहावे हे येथेच सांगते, कारण देशी वाणांच्या बाबतीत गफलत सहज होते. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे लेबलवर एकाच वाणाचे नाव असेल तर किमान ८५ टक्के वाइन त्या वाणाची असावी लागते. उरलेल्या पंधरा टक्क्यांत कॅबर्ने किंवा मर्लो असू शकते, आणि गमझा किंवा पामिदसारख्या मृदू वाणात तेवढा भागही सगळा रंग बदलून टाकतो. म्हणून विक्रेत्याला थेट विचारावे की यात दुसरे काही मिसळले आहे का. भौगोलिक निर्देशाच्या दृष्टीने देशाचे दोनच मोठे प्रदेश आहेत, डॅन्यूबचे मैदान आणि थ्रेसचे मैदान. त्यापेक्षा नेमके गाव लिहिलेले असेल तर ती बाटली आधी उचलावी. बहुतेक लेबलांवर सिरिलिकमध्ये लिहिलेले असते, तेव्हा निदान वाणांची नावे त्या लिपीत ओळखायला शिकून गेल्यास फार उपयोग होतो. मी दिलेल्या किमती लेव्हमधील आहेत. १ जानेवारी २०२६पासून तेथे युरो हे चलन आहे आणि १ युरो म्हणजे १.९५५८३ लेव्ह या ठरलेल्या दराने त्यांचा हिशेब करता येईल.

शेवटचे चार दिवस मी मेलनिकसाठी राखून ठेवले होते. सोफियाहून दक्षिणेला स्त्रुमा नदीच्या काठाकाठाने ग्रीसच्या सीमेकडे जाताना, क्रेस्नाची अरुंद घळ ओलांडली की हवा एकदम ऊबदार होते, कारण एजियन समुद्राकडचा वारा या खोऱ्यातून वर येतो. पिरिन पर्वताच्या पायथ्याशी, वाळूच्या दगडाच्या उंच सुळक्यांमध्ये वसलेले मेलनिक हे बल्गेरियातील सर्वांत लहान शहर आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी ती देस्पोत, म्हणजे स्थानिक राजा, स्लावची राजधानी होती आणि पुढे व्यापाराने ती भरभराटीला आली. बाल्कन युद्धांच्या काळात ती जळाली आणि पुन्हा कधी तशी भरली नाही. वाइनच्या व्यापाऱ्यांनी १७५४मध्ये बांधलेला कोर्दोपुलोव्ह वाडा अजून उभा आहे. त्याच्या पोटात डोंगर कोरून केलेले वाइनचे तळघर आहे. वर ऊन तापलेले असताना खाली अंगावर शाल घ्यावी लागते, आणि येथील वाइन इतक्या दूरवर का जाऊ शकली याचे उत्तर त्या गारव्यातच मिळते.

येथील वाणाचे पूर्ण नाव शिरोका मेलनिश्का लोझा, म्हणजे मेलनिकची रुंद पानांची वेल. तो मावरुदपेक्षाही हट्टी आहे : पिकायला उशीर, मणी लहान, आणि या एका खोऱ्याबाहेर तो जवळजवळ लावलाच जात नाही. पावसाची जोखीम कमी करण्यासाठी त्याच्यापासून लवकर पिकणारा संकर तयार केला गेला, त्याला मेलनिक ५५ किंवा रान्ना मेलनिश्का लोझा म्हणतात. कॅबर्ने सोव्हिन्योंशी केलेला रुएन हा आणखी एक संकर आहे, तर मेलनिक १३०० या वाणाच्या नावात १९८१मध्ये साजऱ्या झालेल्या बल्गेरियन राज्याच्या तेराशेव्या वर्धापनाची खूण आहे. हर्सोवो गावाजवळच्या व्हिला मेलनिक या वाइनरीत यांतील बरेच वाण शेजारी शेजारी चाखता येतात आणि तुलना करणाऱ्यासाठी ही सोय अमूल्य आहे. मेलनिक ५५ फळाने भरलेली, गोलसर, लगेच आवडणारी. रुएन गडद आणि काहीशी बोजड. आणि मग मूळ शिरोका, जी पहिल्या घोटाला दूर ठेवते.

तिचा रंग मावरुदइतका गडद नसतो, विटेच्या रंगाकडे झुकणारा असतो. पहिल्यांदा जाणवतो तो तुरटपणा आणि आंबटपणा, तोंड आवळून टाकणारा. मग सावकाश सुकलेली चेरी, तंबाखूचे वाळलेले पान, ओरेगानो, जुन्या चामड्याचा वास, आणि लांब कोठेतरी धूर. या खोऱ्यात तंबाखूची शेतीही होत आली आहे आणि इथली माणसे हा वास सांगताना मुळीच अवघडत नाहीत. विन्स्टन चर्चिल दरवर्षी येथून पाचशे लिटर वाइन मागवत असत असे प्रत्येक तळघरात सांगितले जाते. मला विचाराल तर या वाइनला कोणाच्या शिफारसपत्राची गरज नाही.

मी चाखलेल्या सात शिरोकांपैकी एकच वाया गेलेली होती, तीही अति ओकमुळेच. बाकी सहांमध्ये निवड करणे अवघड गेले. शेवटी मी एका लहान बागायतदाराची आठ वर्षे जुनी बाटली घेतली, चाळीस लेव्हची, आणि मुक्कामाच्या घरी ती तीन संध्याकाळी थोडी थोडी प्यायले. पहिल्या संध्याकाळी ती ताठर होती, कोकराच्या मांसासोबतही तिचा तुरटपणा पुढे पुढे करत होता. दुसऱ्या संध्याकाळी फळ वर आले, चेरीचा वास खोलीत शिरताच जाणवावा इतका. तिसऱ्या दिवशी, बूच लावून गार कोनाड्यात ठेवलेल्या त्या बाटलीत दीड पेला उरला होता. बहुतेक लाल वाइन एव्हाना विटलेल्या असतात. हिच्यात मात्र तुरटपणा रेशमासारखा मऊ झाला होता, धूर आणि तंबाखू एकमेकांत मिसळले होते, आणि घोट गिळून बराच वेळ झाल्यावरही आंबट चेरीची चव जिभेच्या कडांवर तशीच होती. खिडकीतून समोरच्या उतारावरची बाग दिसत होती. तिच्यावरचे घड अजून काढलेले नव्हते.